व्हीपीएन हिरवं झालंय, मग रिमोट का लागत नाही?

"ताई, हिरवं आलंय बघा, कनेक्टेड म्हणतंय, पण ऑफिसचा पीसी काय उघडेना."

रिटर्न भरायच्या गडबडीचे दिवस, सकाळचे साडेसात, आणि एका टॅक्स कन्सल्टंटच्या ऑफिसमधल्या अकाउंटंट काकांचा फोन. ऑफिस कोल्हापुरात शाहूपुरीत, काका राहायला गडहिंग्लजला, मध्ये ६०-७० किलोमीटर, म्हणून आठवड्यातले तीन दिवस ते घरूनच रिमोट लावून, म्हणजे घरच्या लॅपटॉपवरून ऑफिसचा पीसी उघडून, टॅली चालवतात. काल संध्याकाळपर्यंत व्यवस्थित चालत होतं, आज नाही. मला फोन करायच्या आधी काकांनी लॅपटॉप तीनदा रिस्टार्ट केला होता, व्हीपीएनचं सॉफ्टवेअर काढून परत टाकलं होतं आणि भाच्यानं सांगितलं म्हणून अँटिव्हायरससुद्धा बंद करून झाला होता. यातलं काहीच करायची गरज नव्हती. छोट्या ऑफिसांची नेटवर्क सांभाळायचं काम मी करते आणि असे फोन इतके येतात की हे एकदा नीट लिहून ठेवावं असं बरेच दिवस मनात होतं, कारण माणसं बिचारी तासन्‌तास भलत्याच जागी शोधत बसतात आणि कामाचा अख्खा दिवस जातो.

आधी एक गोष्ट डोक्यात पक्की बसवा, व्हीपीएन वेगळं आणि रिमोट डेस्कटॉप वेगळं. जुना वाडा डोळ्यासमोर आणा. व्हीपीएन म्हणजे इंटरनेटमधून ऑफिसच्या नेटवर्कपर्यंत काढलेला खासगी बोगदा, त्या वाड्याचा दिंडी दरवाजाच, तिथे तुमची ओळख पटली की तुम्हाला आत घेतात, आणि तो हिरवा टिपका फक्त एवढंच सांगतो की तुम्ही दरवाजातून आत आलात. पण तुम्हाला जायचंय मागच्या चौकातल्या एका खोलीत. मग ती खोली नेमकी कुठली ते माहीत पाहिजे, तिथपर्यंतची वाट मोकळी पाहिजे, आत कोणीतरी जागं पाहिजे जो दार उघडेल, आणि शेवटी तुमच्याकडची किल्ली त्या कुलपाला लागली पाहिजे. यातलं काहीही एक अडलं तरी तुम्हाला दिसणार एकच, की रिमोट लागत नाही. आणि दिंडी दरवाजा उघडाच असताना लोक तोच काढून परत बसवतात, म्हणजे व्हीपीएन अनइन्स्टॉल करून परत टाकतात.

खोलीच्या आत काय चालतं तेही थोडक्यात सांगते. रिमोट डेस्कटॉपमध्ये तुमची फाइल घरी येत नाही, सगळं काम ऑफिसच्या पीसीवरच होतं, तिकडून फक्त स्क्रीनचं चित्र येतं आणि इकडून माउस-कीबोर्डच्या हालचाली जातात. मायक्रोसॉफ्टनं १९९८ मध्ये विंडोज एनटी ४.० च्या टर्मिनल सर्व्हर एडिशनमध्ये हे आणलं आणि आजही ते ३३८९ याच पोर्टवर चालतं. पोर्ट म्हणजे खोलीच्या दाराचा नंबर समजा. हा नंबर लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे. आणि हो, ऑफिसच्या पीसीवर विंडोजचं होम एडिशन असेल तर त्यात बाहेरून आत घ्यायची सोयच नसते, प्रो किंवा त्याच्या वरचंच लागतं, घरच्या लॅपटॉपवर होम असलं तरी चालतं. नवीन पीसी घेतल्यावर रिमोट बंद पडलं असेल तर पहिल्यांदा हे बघा, बाकी काही शोधायच्या आधी.

आता काकांकडे येऊ. मी त्यांना एरर विचारलाच नाही, विचारलं की कालपासून घरात काय बदललं. "काही नाही ओ, मी कशाला हात लावतोय." मग जरा वेळानं आठवून म्हणाले, "नेटचा डबा तेवढा बदललाय, रात्री पोरानं नवीन बसवला." झालं, मला बरंचसं तिथेच कळलं, पण खात्री करायची म्हणून त्यांना कमांड प्रॉम्प्ट उघडून ऑफिसच्या पीसीला पिंग करायला, म्हणजे नेटवर्कवरून हाक मारून उत्तर येतंय का बघायला सांगितलं, पीसीचा आयपी, म्हणजे नेटवर्कमधला पत्ता, १९२.१६८.१.२०. उत्तर आलं! काका खूश, "म्हंजे पीसी चालू हाय की." मी म्हटलं थांबा, त्या ओळीत शेवटी काय लिहिलंय ते वाचा. वेळ ३ मिलिसेकंद आणि टीटीएल ६४.

इथे जरा थांबून बघू, कारण हे दोन आकडे फार कामाचे आहेत आणि कोणी बघत नाही. एरवी काकांच्या घरून ऑफिसच्या पीसीचं उत्तर यायला ३०-४० मिलिसेकंद लागायचे, इंटरनेटवरून, व्हीपीएनमधून फिरून यायचं म्हटल्यावर एवढं लागणारच. ३ मध्ये उत्तर म्हणजे ते घरातूनच आलंय. दुसरा आकडा टीटीएल. नेटवर्कवर माहिती छोट्या छोट्या पाकिटांतून जाते, प्रत्येक पाकीट निघताना त्याच्यावर एक आकडा लिहिलेला असतो आणि वाटेत एकेक राउटर ओलांडला की तो एकनं कमी होतो. विंडोजचा पीसी १२८ पासून सुरू करतो, लिनक्स आणि अँड्रॉइडवाली उपकरणं साधारण ६४ पासून. म्हणजे ऑफिसच्या विंडोजकडून वाटेतला राउटर ओलांडून येताना १२७ किंवा १२६ दिसायला पाहिजे होतं. इथे पूर्ण ६४, म्हणजे विंडोज नाही आणि मध्ये एकही राउटर नाही. काकांना जे उत्तर देत होतं ते ऑफिसच्या पीसीचं नव्हतं, हॉलमधल्या टीव्हीचं होतं. नवीन राउटरनं टीव्हीला नेमका तोच आयपी दिला होता.

हे होतं कसं? घरात आणि ऑफिसात आतल्या आत वापरायला आयपीच्या तीन रेंज १९९४ पासून राखून ठेवलेल्या आहेत, १० ने सुरू होणारी, १७२.१६ ते १७२.३१ वाली आणि १९२.१६८ वाली. त्या कोणीही वापराव्यात, त्याला कोणाची परवानगी लागत नाही, आणि म्हणूनच लाखो घरांत तेच ते आकडे असतात. बहुतेक राउटर डब्यातून बाहेर निघतात तेच १९२.१६८.० किंवा १९२.१६८.१ घेऊन. ऑफिसमध्ये पूर्वी ज्यानं नेटवर्क बसवलं त्यानं राउटर होता तसाच लावलेला, तिथे १९२.१६८.१, आणि काकांच्या जुन्या राउटरची सिरीज, म्हणजे पत्त्यातले पहिले आकडे, वेगळी होती म्हणून इतके दिवस निभावलं. नवीन राउटर आला तो पण १९२.१६८.१ वाला. आता लॅपटॉपला १९२.१६८.१.२० कडे जा म्हटलं की तो बघतो, अरे हा तर माझ्याच गल्लीतला पत्ता, मग व्हीपीएनच्या बोगद्यात शिरायचं कशाला, आणि घरातच हाक मारतो. एका गावात दोन गणपती मंदिरं असली की बाहेरचा माणूस जवळच्या मंदिरात जाऊन उभा राहतो, तसं. व्हीपीएन हिरवं, पिंगला उत्तर, आणि रिमोट मात्र लागत नाही, कारण टीव्हीच्या ३३८९ नंबरच्या दारामागे कोणीच नाही.

तात्पुरता उपाय अगदी सोपा आहे, मोबाईलचा हॉटस्पॉट. हॉटस्पॉटची सिरीज सहसा वेगळी असते, आयफोनचा तर १७२.२०.१० ने सुरू होतो. काकांनी हॉटस्पॉट लावला, व्हीपीएन परत जोडलं, आणि पाच मिनिटांत टॅली उघडलं. घरच्या वायफायवर लागत नाही आणि हॉटस्पॉटवर लागतं असं झालं तर समजा की ऑफिसच्या पीसीला हात लावायची गरज नाही, गडबड घरच्या नेटमध्ये आहे. ही तपासणी दोन मिनिटांत होते आणि अर्धं कोडं तिथेच सुटतं, म्हणून कोणाचाही फोन आला की मी ती सगळ्यात आधी करायला लावते.

कायमचा उपाय म्हणजे दोन्हीपैकी एका बाजूची सिरीज बदलायची. घरच्या राउटरमध्ये लॅन सेटिंगमध्ये जाऊन १९२.१६८.७७ किंवा असलंच काहीतरी सहसा कोणी वापरत नाही ते टाकायचं. पण खरं सांगू का, बदलायला पाहिजे ते ऑफिसनं. ऑफिसमध्ये दहा माणसं असतील तर दहा घरांचे राउटर कोण बदलत बसणार, आणि उद्या कोणी हॉटेलमधून, कोणी मुलाच्या होस्टेलवरून लावेल, तिथे तर काहीच हातात नसतं. ऑफिसची सिरीज १०.३७.१४ अशी काहीतरी आडवळणाची ठेवली की हा प्रश्न जवळपास संपतोच. फक्त ते काम रविवारी करा आणि आधी यादी करा, कारण प्रिंटर, सीसीटीव्हीचा डीव्हीआर, हजेरीचं बायोमेट्रिक मशीन यांना कोणीतरी कधीतरी हातानं फिक्स आयपी दिलेले असतात, सिरीज बदलली की ते सगळे एकदम गायब होतात, आणि सोमवारी सकाळी प्रिंट निघत नाही म्हणून वेगळाच गोंधळ.

पत्त्याचाच दुसरा प्रकार म्हणजे नाव. बरेच जण रिमोटच्या चौकटीत आयपी टाकत नाहीत, पीसीचं नाव टाकतात, अकाउंट्स-पीसी वगैरे. ऑफिसमध्ये बसून हे नाव चालतं, घरून चालत नाही. कारण छोट्या ऑफिसात नावं सांभाळणारा वेगळा सर्व्हर नसतो, तिथे पीसी सगळ्यांना ओरडून विचारतो, अकाउंट्स-पीसी कोण आहे रे, आणि तो पीसी म्हणतो मी. हे ओरडणं चौकातल्या चौकात ऐकू येतं, व्हीपीएनच्या बोगद्यातून पलीकडे सहसा जात नाही. तेव्हा नावाऐवजी आयपी टाकून बघा. आयपीनं लागलं आणि नावानं नाही, तर भानगड नावाचीच, म्हणजे नावावरून आयपी शोधून देणाऱ्या डीएनएसची. मोठ्या कंपनीत डीएनएस सर्व्हर असतो, पण तिथेही घरचा लॅपटॉप नाव विचारताना व्हीपीएनच्या डीएनएसला न विचारता घरच्या राउटरला विचारतो आणि त्या बिचाऱ्याला ऑफिसच्या आतली नावं माहीत असायचं काही कारण नाही. अशा वेळी नुसतं छोटं नाव न टाकता पुढे कंपनीचं डोमेन लावून पूर्ण नाव टाकलं की पुष्कळदा काम होतं.

आणि आयपी वापरत असाल तर तो पक्का करून घ्या. लाइट जाते, राउटर बंद होऊन परत चालू होतो, आणि कालचा २० नंबर आज ३४ होतो. राउटरमध्ये त्या पीसीसाठी आयपी राखून ठेवायची सोय असते, रिझर्व्हेशन म्हणतात, ती करून टाका.

लाइटचा विषय निघालाच आहे तर, मी बघितलेल्या तक्रारींमध्ये किती तरी तक्रारी अशा असतात की पीसीच बंद आहे. व्हीपीएन ऑफिसच्या राउटरवर असतं, राउटर लाइट आली की आपोआप चालू होतो, त्यामुळे इकडे हिरवं दिसतं. पीसी आपोआप चालू होत नाही. त्याच्या बायोसमध्ये, म्हणजे विंडोज सुरू व्हायच्या आधीच्या सेटिंगमध्ये, लाइट गेल्यावर परत आली की काय करायचं असं सेटिंग असतं, ते पॉवर ऑन वर ठेवायचं. दुसरं, पीसी झोपतो. विंडोजच्या पॉवर सेटिंगमध्ये स्लीप नेव्हर करा, स्क्रीन बंद झाली तर चालेल, पीसी झोपता कामा नये. काही जण म्हणतात वेक ऑन लॅन, म्हणजे पीसीला नेटवर्कवरून उठवायची सोय, आहे ना, आहे, पण ती हाक पण सगळ्यांना ओरडून मारायची असते, ती बोगद्यातून सहसा पोचत नाही, ऑफिसच्या राउटरमधूनच मारावी लागते. त्यापेक्षा ऑफिसला लवकर येणाऱ्या शिपाईमामांना फोन करून पीसीचं बटण दाबायला सांगणं सोपं, आणि मी तेच करते.

आता समजा पत्ता बरोबर आहे, पीसी चालू आहे, तरी लागत नाही. इथे पिंगवर विसंबू नका, विंडोजची फायरवॉल, म्हणजे बाहेरून येणाऱ्याला अडवणारा पहारेकरी, बऱ्याचदा पिंगला उत्तरच देत नाही, म्हणजे पिंग फेल गेलं म्हणून पीसी मेला असं नाही आणि पिंग पास झालं म्हणून तोच पीसी असंही नाही, काकांच्या टीव्हीनं दाखवलंच ते. खरी परीक्षा म्हणजे थेट ३३८९ चं दार वाजवून बघायचं. पॉवरशेलमध्ये टेस्ट-नेटकनेक्शन नावाची कमांड आहे, तिला पीसीचा आयपी आणि पोर्ट म्हणून ३३८९ द्यायचा, ती शेवटी टीसीपी टेस्ट सक्सीडेड समोर ट्रू किंवा फॉल्स लिहिते. ट्रू आलं तर वाट मोकळी आहे, दारापर्यंत पोचलात, आता प्रश्न फक्त कुलपाचा. फॉल्स आलं तर किती वेळानं आलं तेही बघा. लगेच दोन-तीन सेकंदांत आलं तर पलीकडून कोणीतरी सरळ नाही म्हणालं, म्हणजे पीसीपर्यंत पोचलात पण रिमोट डेस्कटॉप चालू नाही, सेटिंगमध्ये बंद आहे किंवा त्याची सर्व्हिस पडलीय. आणि वीसेक सेकंद ताटकळत ठेवून मग फॉल्स आलं तर तुमची हाक कुठेतरी गिळली जातेय, कोणी हो नाही की नाही नाही. तेव्हा फायरवॉल बघायची नाहीतर वाट.

फायरवॉलमध्ये दोन गोष्टी नेहमी सापडतात. एक म्हणजे ऑफिसचा राउटर बदलला किंवा केबल इकडची तिकडे केली की विंडोज त्याला नवीन नेटवर्क समजतं आणि पब्लिक म्हणून टाकतं, म्हणजे रेल्वे स्टेशनवर बसल्यासारखं सगळी दारं लावून घेतं. ते प्रायव्हेट करायचं. दुसरी जरा खोल आहे, रिमोटच्या नियमात किंवा अँटिव्हायरसच्या स्वतःच्या फायरवॉलमध्ये फक्त आपल्याच सबनेटमधल्यांना, म्हणजे आपल्याच सिरीजमधल्यांना, येऊ द्या असं लिहिलेलं असतं. व्हीपीएनवरून येणाऱ्या माणसाचा आयपी वेगळ्या सिरीजमधला असतो, १०.८.० वगैरे, त्यामुळे ऑफिसात बसलेल्याला लागतं आणि घरच्याला नाही. नियमात व्हीपीएनची सिरीज घालायची. काय वाटेल ते झालं तरी फायरवॉल पूर्ण बंद करून ठेवू नका, पाच मिनिटं तपासायला ठीक, नंतर आठवणीनं चालू करा.

वाटेची एक गंमतशीर अडचण सांगते, जिच्यावर मी एकदा पूर्ण दुपार घालवली. ऑफिसमध्ये दोन कंपन्यांचं इंटरनेट, दोन राउटर, एक गेलं तर दुसरं असावं म्हणून. व्हीपीएन पहिल्या राउटरवर. मालकांचा पीसी लागायचा, बाजूच्या मॅडमचा लागायचा नाही. फायरवॉल सारखी, सेटिंग सारखं. शेवटी मॅडमच्या पीसीचा गेटवे, म्हणजे बाहेर जायचा राउटर, बघितला तर तो दुसऱ्या राउटरचा. म्हणजे हाक पहिल्या राउटरनं आणून दिली, मॅडमच्या पीसीनं उत्तरही दिलं, पण उत्तर दुसऱ्या राउटरच्या हातात, आणि त्या राउटरला व्हीपीएनची सिरीज म्हणजे काय हे ठाऊकच नाही, त्यानं ते फेकून दिलं. जायची वाट आणि यायची वाट या दोन वेगळ्या वाटा असतात हे त्या दिवशी माझ्या मनावर कोरलं गेलं. गेटवे बदलला, लागलं.

कुलपाचं काम तुलनेनं सोपं, कारण इथे एरर तरी काहीतरी अर्थाचा येतो. यूजरनेम पासवर्ड चुकीचा म्हणतंय आणि तुम्ही शपथेवर सांगताय की बरोबर आहे, तर बघा की तुम्ही रोज ऑफिसमध्ये चार आकडी पिन टाकून उघडता ना, तो पिन साध्या रिमोटला चालत नाही, खरा पासवर्डच लागतो, आणि तो कित्येकांना आठवतही नसतो. पासवर्ड ठेवलेलाच नसेल तर विंडोज रिमोटनं आत घेतच नाही. यूजरनेमच्या आधी पीसीचं नाव किंवा डोमेन लावावं लागतं, नाहीतर लॅपटॉप स्वतःचंच नाव चिकटवून पाठवतो. डोमेन असलेल्या ऑफिसात, म्हणजे सगळे पीसी आणि लॉगिन एका सर्व्हरवरून सांभाळले जातात तिथे, घड्याळ पाच मिनिटांहून जास्त पुढेमागे असलं तरी आत घेत नाहीत. पासवर्डची मुदत संपली असेल तर बाहेरून तो बदलता येत नाही बऱ्याचदा, ऑफिसमध्ये जाऊनच बदलावा लागतो, म्हणून मुदत संपायच्या आधी बदलून ठेवत जा. आणि मे २०१८ मध्ये जगभर एका दिवसात असंख्य लोकांचं रिमोट बंद पडलं होतं, क्रेडएसएसपी एन्क्रिप्शन ओरॅकल असं काहीतरी अगम्य नाव स्क्रीनवर यायचं. एका बाजूला अपडेट टाकलेलं, दुसऱ्या बाजूला नाही, म्हणून नवीन पीसी जुन्याशी बोलायला तयार नव्हता. आजही एखादा वर्षानुवर्षं अपडेट न केलेला पीसी असला की तोच एरर दिसतो, आणि उपाय तोच, दोन्हीकडे अपडेट टाका.

साध्या विंडोजवर एका वेळी एकच माणूस. तुम्ही घरून आत गेलात की ऑफिसमध्ये त्या पीसीवर बसलेल्याची स्क्रीन लॉक होते, तो परत लॉगिन करतो, तुम्ही बाहेर पडता. दोघं एकमेकांना दोनदा बाहेर काढतात आणि मग मला फोन येतो की कनेक्शन सारखं तुटतंय.

आता ज्याच्यापायी लोक खरोखर रडकुंडीला येतात तो प्रकार. व्हीपीएन लागतं, पासवर्ड घेतो, आणि मग काळी स्क्रीन. किंवा स्क्रीन येते, एक मिनिट चालते आणि चित्र गोठतं. टेस्ट-नेटकनेक्शन ट्रू म्हणतंय. इथे बहुतेक वेळा पाकिटाचा आकार आडवा येतो. साध्या नेटवर्कवर एका पाकिटात १५०० बाइट मावतात. ब्रॉडबँडला यूजरनेम-पासवर्ड टाकून चालणारं कनेक्शन असेल तर १४९२. त्यात व्हीपीएन प्रत्येक पाकिटावर आपलं वेगळं वेष्टण चढवतं, त्यालाही जागा लागते, म्हणून वायरगार्डसारखं व्हीपीएन आत १४२० च ठेवतं. हे गणित कुठे चुकलं की काय होतं, कमानीखालून रिक्षा जाते, मोटरसायकल जाते, भरलेला ट्रक अडकतो. लॉगिनची पाकिटं छोटी असतात, ती जातात. मग स्क्रीनचं चित्र यायला लागतं, ती पाकिटं भरगच्च, ती कमानीत अडकतात, आणि ट्रक अडकलाय हे मागे कळवणारा निरोप पण पुष्कळ ठिकाणी फायरवॉलनं अडवलेला असतो, त्यामुळे पलीकडचा पीसी ट्रकवर ट्रक पाठवत राहतो आणि तुम्ही काळ्या स्क्रीनकडे बघत बसता.

तपासायचं असं, ऑफिसच्या अशा कशाला तरी पिंग करा जे पिंगला उत्तर देतं, राउटर चालेल, आणि त्यात तुकडे करू नको हा पर्याय म्हणजे हायफन एफ, आणि आकाराचा पर्याय हायफन एल लावून १४७२ द्या. १४७२ का, तर त्यावर २८ बाइटचं शीर्षक चढतं, मिळून १५००. व्हीपीएनवर हे जाणार नाहीच, मग १४००, १३७२, १३५० असं खाली येत जा. जिथे उत्तर यायला लागेल तो आकडा अधिक २८, तेवढी तुमच्या कमानीची उंची. व्हीपीएनच्या सेटिंगमध्ये एमटीयू, म्हणजे पाकिटाचा जास्तीत जास्त आकार, तेवढा किंवा थोडा कमी ठेवा. १३०० वर आणलं की माझ्याकडच्या बहुतेक तक्रारी मिटल्यात.

तरी गोठत असेल तर यूडीपी, म्हणजे पाकीट पोचल्याची पावती न मागता पाठवत राहायची पद्धत. २०१२ पासून, म्हणजे विंडोज ८ च्या वेळेपासून, रिमोट डेस्कटॉप चित्र पाठवायला यूडीपी पण वापरतं, चांगल्या लाइनवर त्यानं कामात फरक पडतो, पण काही व्हीपीएनमध्ये ते मध्येच अडतं आणि चित्र थांबतं. आपल्या लॅपटॉपच्या ग्रुप पॉलिसीत रिमोट डेस्कटॉप क्लायंटच्या खाली यूडीपी बंद करायचं सेटिंग आहे, ते चालू करून रीस्टार्ट करा आणि बघा. फरक पडला तर तसंच ठेवा.

नुसतं हळू चालतंय अशी तक्रार असेल तर घरची स्पीड टेस्ट दाखवून उपयोग नाही. चित्र ऑफिसमधून बाहेर निघतं, म्हणजे ऑफिसच्या लाइनचा अपलोड महत्त्वाचा, आणि तिथे त्याच वेळी सीसीटीव्ही क्लाउडवर चढत असेल तर झालंच.

व्हीपीएनच हिरवं होत नसेल तर तो वेगळा विषय आहे, त्यातलं एकच सांगते. ऑफिसच्या राउटरच्या स्टेटस पानावर बाहेरचा आयपी १००.६४ ते १००.१२७ च्या मधला दिसत असेल तर तो खरा पब्लिक आयपी नाही, कंपनीनं एक आयपी बऱ्याच ग्राहकांत वाटलाय, बाहेरून तुमच्या ऑफिसपर्यंत कोणी येऊच शकत नाही. स्टॅटिक आयपी मागून घ्यावा लागेल.

आणि इथे मी हात जोडून एक गोष्ट सांगते. व्हीपीएनच्या कटकटीला कंटाळून कोणीतरी सुचवतं की राउटरवर ३३८९ पोर्ट सरळ उघडून टाकू, मग व्हीपीएन नकोच. लॉकडाऊनमध्ये मार्च २०२० नंतर घाईघाईत असं करणारी ऑफिसं मी स्वतः बघितलीत. नका करू. इंटरनेटवर रात्रंदिवस हेच दार शोधत फिरणारे प्रोग्राम आहेत, पोर्टचा नंबर बदलून ३३९० केला तरी ते शोधतात. पासवर्ड फोडायचा, आत शिरायचं, सगळा डेटा कुलूपबंद करायचा आणि पैसे मागायचे, रॅन्समवेअरचा हा ठरलेला रस्ता आहे. मे २०१९ मध्ये रिमोट डेस्कटॉपमध्येच ब्लूकीप नावाचं भोक सापडलं, त्याला पासवर्डही लागत नव्हता, आणि ते इतकं गंभीर होतं की मायक्रोसॉफ्टनं केव्हाच सपोर्ट बंद केलेल्या एक्सपीसाठी सुद्धा दुरुस्ती काढली. दहा-बारा वर्षांचे अशिलांचे हिशोब एका टॅलीच्या फोल्डरमध्ये असतात, ते गेले तर त्या काकांनी कुणाला काय तोंड दाखवायचं?

काकांचं पुढे काय झालं ते राहिलंच. संध्याकाळी मुलगा घरी आल्यावर त्याला फोनवर घेतलं, राउटरची सिरीज ७७ केली, टीव्ही परत वायफायला जोडला. मी काकांना सांगितलं की तुमच्या वहीत एका पानावर लिहून ठेवा, घरची सिरीज काय, ऑफिसची काय, पीसीचा आयपी काय, आणि सगळं नीट चालत असताना पिंग केलं तर वेळ आणि टीटीएल किती येतो. साडेआठला त्यांनी त्या पानाचा फोटो पाठवला. निळ्या पेननं, जमाखर्चाच्या रकान्यात, खाली दोन रेघा मारून, वेळ ३६, टीटीएल १२७.